मोटर जळाली, दोष कोणाचा? (घराघरातल्या डबड्यांबद्दल)

मळेकर | २८ मे, रात्री १०:२०

मंडळी, विषय चावून चोथा झालेला आहे. पण परवा अंगावर शेकला, म्हणून लिहितोय.

यावल तालुक्यात आमची पाच एकर केळी. मी नोकरीमुळे जळगावात, मळा वडील बघतात. वय अडुसष्ट. शेतीच्या लाईटीचं गणित इकडच्या लोकांना सांगायला नको. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रीची पाळी आली की वडील मळ्यात झोपायचे. ट्यूबवेलचा पाईप हौदात पडतो, तिथून आठ-दहा पावलांवर त्यांचं खाटलं.

लहानपणी सुट्टीत मीही त्यांच्यासोबत जायचो. पाणी धो धो पडत असायचं आणि माणूस घोरत असायचा. पण आवाज जरा बदलला, पाईप ठसकायला लागला, पाण्यासोबत हवा फेकायला लागला, की डोळे मिटलेलेच आणि पाय मात्र चपलेत. मोटर बंद करायची, तासभर बोअरला दम द्यायचा, पुन्हा चालू करायची. मे महिन्यात पाणी खोल गेलं की एका रात्रीत असं तीन-चार वेळा. सकाळी विचारलं तर स्वतःला आठवायचंही नाही किती वेळा उठलो ते.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात बिबट्या दिसला. मी हट्ट धरला आणि मोबाईल स्टार्टर बसवला. स्टार्टरच्या पेटीशेजारी एक डबा, डब्यात सिम. फोन लावला की मोटर चालू, फोन लावला की बंद. लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सोयही त्यात. लाईट आली, गेली, मोटर चालू झाली, बंद पडली, सगळ्याचा मेसेज माझ्या फोनवर. वडील घरी झोपायला लागले. आई खूश, मी खूश.

मागच्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. डब्यातल्या सिमचा रिचार्ज संपलेला. तो मीच मारतो, विसरलो. सव्वादहाला लाईट आली, डब्याने मोटर चालू केली. मध्यरात्री कधीतरी पाणी तुटलं. पाणी तुटलं की मोटर थांबवायची सोय डब्यात आहे, पण ती सारखी उगाचच मोटर तोडायची, म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्हीच मेकॅनिकला सांगून ती काढून ठेवली होती. मोटर सकाळपर्यंत कोरडी फिरली आणि जळाली.

साडेतीनशे फुटांवरून मोटर वर काढा, भरायला टाका, परत सोडा. पाच दिवस गेले. घोडीवाला (बोअरमधून मोटर वर काढणारा) रिकामा नाही, कारण या दिवसांत अख्ख्या तालुक्याच्या मोटरी जळत असतात. बाहेर पंचेचाळीस अंश, बाग ऐन निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेला. शेजारच्या काकांनी रोज दोन तास पाणी दिलं म्हणून निम्मा तरी हाताशी राहिला.

पैशाचं होईल काहीतरी. मला लागलं ते वडिलांचं बोलणं. म्हणाले, "मी घरी जागाच व्हतो रे. पन तुह्या फोन नी आला, म्हनून म्हटलं सारं ठीक आसंन."

आता मी पेचात आहे. डबा काढून टाकू? वडिलांना पुन्हा रात्री मळ्यात पाठवू? की दुसरं काही? तुमच्याकडे असं काही झालंय का, तेही सांगा. (मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

---

वांगं_भरीत | २८ मे, रात्री १०:४१

रुमाल टाकून ठेवतो.

तोवर एक. भो, तुन्ही मोटर ते जयनी. मन्हा घरमा वायफाय बंद पडना ते आंडोर (मुलगा) बाहेर उना आनि इचारस, बाबा, तुमी आठेच ऱ्हातस का?

---

सावली_२ | २८ मे, रात्री ११:०५

वाईट वाटलं वाचून. निसवणीच्या वेळी पाणी तुटणं म्हणजे वर्षाचं गणित गेलं. वडिलांची तब्येत ठीक ना?

आमच्याकडे यातलं काही नाही, पण परवा चाळीसगाव स्टेशनवर माझ्या फोनची बॅटरी गेली. शेजारच्या बाईंनी स्वतःचा फोन दिला, घ्या ताई, करा. आणि मला नवऱ्याचा नंबर येईना. लग्नाला सोळा वर्षं झाली. आठवला कुठला, तर माहेरचा जुना लँडलाईनचा, जो बंद होऊन दहा वर्षं झाली.

---

चाकावरचा | २९ मे, पहाटे ५:१२

मी सावद्याहून केळीच्या गाड्या भरून नेतो, दिल्लीपर्यंत. बावीस वर्षं झाली. पहिली बारा वर्षं नकाशाबिकाशा काही नव्हतं. माझ्या उस्तादाने शिकवलेलं: फाट्यावर थांबायचं, चहावाल्याला विचारायचं, आणि एकालाच नाही विचारायचं, दोघांना. दोघांचं जुळलं तर गाडी घालायची.

आता माझ्याबरोबरचा क्लीनर पोरगा सांगतो, उस्ताद, मोबाईल डावीकडे म्हणतोय. मागच्या पावसाळ्यात त्याने अशीच दहा टनांची गाडी शिवरस्त्यात घालायला लावली. काळी माती. पुढे नाला, मागे यायला जागा नाही. नकाशावर तो रस्ता होता, खोटं कशाला बोलू. बैलगाडीला तो रस्ताच आहे. ट्रॅक्टर मागवून गाडी ओढून काढली तोवर सकाळ. माल तापला, तिकडे व्यापाऱ्याने भाव पाडला.

पोराला रागावलो. नंतर माझ्या लक्षात आलं की फाट्यावर चहाची टपरी उघडी होती, दिवा दिसत होता. मी स्वतः पण विचारलं नाही. विचारायची लाजच वाटायला लागलीय आता. हातात मोबाईल असून रस्ता विचारतो, येडा आहे का, असं लोक बघतात.

---

स्टेथो | २९ मे, सकाळी ८:३०

चाकावरचा दादा, तुमच्या उस्तादाचं डोकं तपासायला हवं होतं, चांगल्या अर्थाने. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना काढायचा तर हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, जागा आणि वाटा लक्षात ठेवायचं काम तिथे चालतं. त्याचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. जितकी जास्त वर्षं टॅक्सी चालवलेली, तितका जास्त.

सावलीताई, तुमच्यासाठीही आहे एक. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचे प्रयोग आले होते. माहिती कॉम्प्युटरमध्ये जपून राहणार असं सांगितलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, पण कुठे ठेवलीय ते मात्र बरोबर सांगतात. तेव्हा नवऱ्याचा नंबर विसरला याचा अर्थ प्रेम आटलं असा नाही. तुम्हाला तो कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. फोनमध्ये.

---

सावली_२ | २९ मे, सकाळी ८:५२

हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, डॉक्टरांना सांग की तिला लँडलाईनचा आठवला.

---

मिरचीठेचा | २९ मे, सकाळी ११:१५

सगळी सुखाची लक्षणं. आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घरात पंखासुद्धा नव्हता. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर खारी माती टाकलेलं धाबं. भुसावळच्या उन्हाळ्यात आत गार, रात्री वर जाऊन झोपायचं. आता स्लॅबचं घर, पत्र्याचं किचन, आणि लाईट दहा मिनिटं गेली की कूलरपुढे बसलेली पोरं अशी तडफडतात जशी पाण्याबाहेरची मासळी. आपणच लाडावून ठेवलंय. फेकून द्या म्हणतो मी ते डबे.

---

नव्यायुगाची | २९ मे, दुपारी १२:४०

मिरचीठेचा काका, ते धाबं दर उन्हाळ्यात मातीने सारवायचं कोण? पावसाळ्यात गळलं की मध्यरात्री भांडी लावायचं कोण? माझ्या आजीला विचारा, ती स्लॅबच्या घराला रोज नमस्कार करते. मिक्सर आला तेव्हा तिने पाटा-वरवंटा परसात ठेवला तो आजतागायत आत नाही आणला. तिथे आता मांजर झोपते.

मळेकर काका, राग मानू नका, पण मला तुमची गोष्ट वेगळी दिसतेय. डबा यायच्या आधी तुमचा मळा कशावर चालायचा? एका माणसाच्या झोपेवर. तीस-पस्तीस वर्षं एक माणूस रात्री नीट झोपला नाही, म्हणून मोटर जळाली नाही. त्याला आपण अवलंबून राहणं म्हणत नाही, कारण तो घरचा माणूस आहे आणि त्याला रिचार्ज मारावा लागत नाही. त्यांना ताप आला असता एखाद्या रात्री तर?

---

मळेकर | २९ मे, दुपारी १:०२

हे वाचून जरा वेळ गप्पच बसलो. आला होता ताप. १९९८ च्या सुमारास, टायफॉइड. तेव्हा आई मळ्यात झोपली होती, मला कडेला घेऊन. मी विसरलो होतो.

---

दुकानवाली | २९ मे, दुपारी ३:३०

मी अमळनेरची. मारुतीच्या देवळासमोर आमचं छोटं दुकान आहे. नारळ, तेल, रुईच्या माळा, आणि बाजूला किराणा.

गेल्या वर्षीची हनुमान जयंती कुणाला आठवते का? १२ एप्रिल २०२५, शनिवार. शनिवार आणि जयंती एकत्र, म्हणजे आमची दिवाळीच. आणि नेमकं त्या दिवशी दुपारकडे देशभर यूपीआय अडकलं. मला काय माहीत देशभर आहे म्हणून, मला वाटलं आमचाच डबा बिघडला. समोर रांग. माणसं फोन हलवताहेत, वर धरताहेत, देवळाच्या पायरीवर चढून रेंज बघताहेत. एक चांगले कपडे घातलेले गृहस्थ, हातात महागाचा फोन, आणि नारळाचे तीस रुपये खिशात नाहीत. शेवटी म्हणाले, ताई, उधार द्या. माझ्या दुकानात पंधरा वर्षांत अनोळखी माणसाने नारळ उधार मागितला नव्हता. देवासाठी उधार!

दिला. आमच्याकडे उधारीची वही आहे, लाल कापडाची. सासूबाईंनी ती कधी बंद होऊ दिली नाही, मी दोनदा म्हटलं होतं काढून टाकू म्हणून. त्या दिवशी तीन पानं भरली. नाव, गाव, मोबाईल नंबर. रात्रीपर्यंत बहुतेकांचे पैसे आले, काहींचे दुसऱ्या दिवशी. अकरा नारळांचे आलेच नाहीत. मारुतीच्या खाती टाकले.

पण त्या बोलणाऱ्या डब्याला मी नावं ठेवणार नाही. सासूबाईंना वाचता येत नाही. पूर्वी मी माहेरी गेले की दुकान बंद. कारण कुणी नुसता फोनचा पडदा दाखवायचा, बघा गेले पैसे, आणि त्या मान डोलवायच्या. आता डबा मराठीत बोलतो, इतके रुपये मिळाले. त्या कान देऊन ऐकतात आणि मगच पुडा सोडतात. पंचाहत्तराव्या वर्षी बाई एकटी दुकान चालवते. तो डबा काढला तर सासूबाई घरी बसतील, आणि घरी बसलेल्या सासूबाई मला परवडणार नाहीत. 😄

---

वांगं_भरीत | २९ मे, दुपारी ३:४४

शेवटच्या वाक्यासाठी ताईंना माझ्याकडून एक शेवभाजी.

---

शिलालेखी | २९ मे, सायंकाळी ६:२०

थोडं अवांतर, पण खानदेशाचंच. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि तो भाग सगळा बाजाराचा: कुठल्या मालावरच्या कराचा किती वाटा मठाला द्यायचा. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलायचा असा तो हिशोब.

हे आठवायचं कारण, तिथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर परवा मी शंभर ग्रॅम वेलदोडे आणि पाऊण किलो शेंगदाणे घेतले आणि दुकानातल्या पोराने पाऊण किलोचा भाव काढायला कॅल्क्युलेटर घेतला. शेंगदाणे एकशे साठ रुपये किलो. त्याने १६० गुणिले ०.७५ केलं, बटण चुकलं, बाराशे आले, आणि त्याने मला बाराशे सांगितले. चेहऱ्यावर काही शंका नाही. मी म्हटलं, बाळा, शेंगदाणेच आहेत ना?

आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, नव्या मंडळींसाठी. अडतीवर बसलेला माणूस तोंडाने बोलता बोलता हिशोब करायचा. पण मला त्या पाढ्यांचं एवढं नाही. कॅल्क्युलेटर मीही वापरतो. शेंगदाण्यांचे बाराशे होत नाहीत, एवढं पोटातून कळायला हवं, ते गेलंय.

---

नव्यायुगाची | २९ मे, सायंकाळी ६:४५

सहमत. हे मान्य करताना जड जातंय, पण सहमत. (औटकी शब्द आज पहिल्यांदा ऐकला.)

---

अंधुक | २९ मे, रात्री ८:१०

मी धुळ्याचा. मला दिसत नाही, जन्मापासून. हा धागा मला फोन वाचून दाखवतोय आणि हा प्रतिसाद मी बोलून लिहितोय, तेव्हा चुका असतील.

तुमची सगळ्यांची चर्चा ऐकून गंमत वाटली. तुम्हाला परवा कळलं की आपण यंत्रावर जगतो, मला रोज सकाळी कळतं. नोटांचंच घ्या. पूर्वीच्या नोटा बोटांनी ओळखायचो. नव्या नोटांत दोनशे आणि पाचशेची रुंदी एकच, लांबीत फरक चार मिलिमीटरचा. रिक्षावाला घाई करतोय, मागे हॉर्न वाजताहेत, तिथे चार मिलिमीटर मोजत कोण बसणार? रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत मनी नावाचं ॲप काढलं, फोन नोटेवर धरला की किती रुपयांची ते बोलतं, नेट नसलं तरी चालतं. ते आल्यापासून मी रिक्षात कुणाचा हात धरून पैसे देत नाही. तेव्हा फेकून द्या म्हणणाऱ्या दादांनी माझा फोन सोडून बाकीचे फेकावेत.

मात्र एक तक्रार आहे. एसटी स्टँडवर पूर्वी मी नुसतं मोठ्याने विचारायचो, शिरपूर गाडी लागली का हो? चार दिशांनी चार उत्तरं यायची, एखादा हात धरून चढवून द्यायचा, खिडकीची जागा धरून द्यायचा. आता विचारलं की शांतता. माणसं आहेत, मला त्यांचे वास येतात, पिशव्यांचे आवाज येतात. कानात बोंडं घातलेली. मागच्या महिन्यात माझा फोन अडकला, पुन्हा चालू व्हायला दहा मिनिटं लागली. मी तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा एका म्हाताऱ्या आजींनी उत्तर दिलं. गाडी तोवर निघून गेली होती. माझा फोन अडकलेला मी सहन करतो. तुमच्या फोनचं मी काय करू?

---

मिरचीठेचा | २९ मे, रात्री ८:३२

अंधुक दादा, शब्द मागे घेतो. मीही बोंडं घालणाऱ्यांतलाच आहे. स्टँडवर नाही, पण घालतो.

---

यार्डमास्तर | ३० मे, सकाळी ७:०५

मी भुसावळ विभागात स्टेशन मास्तर म्हणून चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. मळेकरांच्या वडिलांचं ते वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी १९८३ मध्ये लागलो तेव्हा एकेरी मार्गावर नील्सचं टोकन यंत्र होतं. लोखंडी गोळा असायचा. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने त्याच्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय माझ्या यंत्रातून गोळा बाहेर पडायचा नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. थांबा नसलेली गाडी असली की वेताच्या कडीत गोळ्याची पिशवी अडकवून आम्ही रुळाशेजारी हात वर करून उभे, रात्री मशाल घेऊन, आणि धावत्या इंजिनातून ड्रायव्हर कडीत हात घालून ती उचलायचा. दंडाला काळेनिळे वळ असायचे त्यांच्या. म्हणजे यंत्रावर आम्ही शंभर टक्के अवलंबून. यंत्र नाही म्हणालं तर मास्तरच्या बापाची हिंमत नव्हती गाडी सोडायची.

पण यंत्र बिघडायचं. पावसाळ्यात तर हमखास. मग पेपर लाईन क्लिअर, म्हणजे गोळ्याऐवजी कागदावरची परवानगी. फोनवरून पुढच्या मास्तरशी बोलायचं, आधी तो तोच आहे याची खात्री करायची, मग त्याने त्याच्या यादीतला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीचा गुप्त आकडा, द्यायचा, तो अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहायचा, आणि तो कागद ड्रायव्हरच्या हातात. फोनही गेला तर? त्याचेही नियम. इंजिन किंवा ट्रॉली हळूहळू पुढच्या स्टेशनापर्यंत पाठवून आधी बोलणं सुरू करायचं, मगच गाड्या. आणि हे सगळं पुस्तकात लिहून कपाटात ठेवलेलं नव्हतं. ठराविक वर्षांनी भुसावळच्या ट्रेनिंगमध्ये नेऊन परत घोकून घ्यायचे. आम्ही कंटाळायचो, जांभया द्यायचो. पण रात्री तीनला यंत्र मेलं की हात आपोआप त्या कागदाकडे जायचा.

दुसरी गोष्ट जुन्या हाताच्या सिग्नलची. केबिनमधून तार ओढली की सिग्नलचा हात खाली यायचा, म्हणजे या. तार तुटली तर? वजनाने हात आपोआप वर जाऊन आडवा व्हायचा, म्हणजे थांबा. बिघाड झाला की गाडी उभी राहिलीच पाहिजे, अशी त्याची रचनाच.

मळेकर, तुमचा डबा बरोबर उलटा होता. तार तुटली आणि तुमचा सिग्नल खालीच राहिला. आमच्याकडे गप्प म्हणजे थांबा. तुमच्या घरात गप्प म्हणजे सगळं ठीक, असं तुम्ही चार वर्षांत ठरवून टाकलंत, आणि कोणी ठरवलं तेही कोणाला आठवत नाही. डबा राहू द्या. फक्त लाईट यायच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत मेसेज आला नाही तर तुम्ही वडिलांना उठवायचं, आणि तुमचा फोन आला नाही तर त्यांनी झोपायचं नाही, असं ठरवा. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा मुद्दाम सिम काढून बघा, कोण काय करतं.

---

तीनफेज | ३० मे, सकाळी ९:४०

मास्तर काकांना साष्टांग. मी हेच डबे बसवतो, चोपडा भागात. माझ्या पोटावर पाय यायच्या आत दोन शब्द.

मोटर पाण्यावर चालताना जास्त अँपिअर घेते, कोरडी फिरताना कमी. डबा त्यावरूनच ओळखतो की पाणी तुटलं. आता ही मर्यादा लावतो कधी? नवीन डबा बसवतो तेव्हा, बहुतेक दिवाळीच्या सुमारास, बोअर भरलेली असताना. मे महिन्यात पाणी दीडशे फूट खाली गेलं, त्यात व्होल्टेज पडलेलं, की तेच आकडे हलतात. डबा उगाच मोटर तोडतो, शेतकरी वैतागतो, आणि मेकॅनिकला सांगतो ते काढून टाक. मेकॅनिक काढतो, कारण रोज पन्नास फोन कोण उचलणार. मी पण काढलंय, कबूल करतो. खरं म्हणजे उन्हाळ्यात एकदा येऊन आकडा परत लावायचा, वीस मिनिटांचं काम. यायला पेट्रोलचे पैसे कोणी द्यायला तयार नसतं, ही दुसरी बाजू.

आणि सिम वडिलांच्या नावाचं, रिचार्ज मुलाच्या हातात, मुलगा पुण्यात नाहीतर जळगावात. मी बसवलेल्या निम्म्या डब्यांची हीच कथा.

---

मळेकर | ७ जून, रात्री ९:५५

उशिराने लिहितोय, आठवडाभर मळ्यातच होतो.

मास्तर काकांचं ऐकून परवा रात्री वडिलांना न सांगता सिम काढलं आणि घरी जाऊन अंथरुणावर पडलो. साडेदहाला लाईट आली. मेसेज येणार नव्हताच. मी घड्याळ बघत पडलेला. अकराला पाच कमी असताना ओट्यावरून वडिलांचा आवाज: "आरे, मोटरचा निरोप आला का?" मी म्हटलं नाही. ते उठले, बॅटरी घेतली, काठी घेतली, आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत गाडीला किक मारून निघाले. मागून मी पळालो. बिबट्याबिबट्या सगळं मागे राहिलं. मळ्यात मोटर व्यवस्थित चालू होती. खरं सांगितलं तेव्हा चार शिव्या बसल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

मेकॅनिक येऊन आकडा लावून गेला, पेट्रोलचे पैसे दिले. रिचार्ज आता वडील स्वतः गावातल्या दुकानातून मारतात आणि तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहितात. स्टार्टरची हाताने बंद करायची पट्टी कुठे आहे हे आईलाही दाखवून झालं. तिला माहीत होतं. १९९८ पासून.

एक मात्र कोणी सांगितलं नव्हतं. काल सकाळी हौदाजवळ गेलो तर वडील खाटल्यावर बसलेले, कानाला फोन. मला वाटलं कुणाशी बोलताहेत. ते मोटरला फोन लावत होते, स्टार्टरपासून तीन पावलांवर बसून. मोटर चालू झाली, फोन खिशात टाकला, आणि मान तिरकी करून पाईपाकडे कान लावून बसले.

---

वांगं_भरीत | ७ जून, रात्री १०:०८

त्यास्ले मन्हा राम राम सांग, भो.